तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यावर जे नाव लिहिलंय ते तिचं नव्हे. यात ग्रामसेवकाची चूक नाही, त्यानं आधार कार्ड बघून लिहिलं. चूक माझी. ती मी दोनदा केली, एकदा माझ्या हातानं आणि एकदा तिचा अंगठा धरून. मधे एकदा तोंडानंही एक चूक झाली होती. तेवढी एकच बरोबर होती, पण ते मला ती गेल्यावर कळलं.

दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, आणि सत्तरी ओलांडल्यावर कागदावर घ्यायला गेलं तर हात अडतो. एक माहेरचं, एक सासरचं, एवढं कळलं तरी पुरे.

मी फौजेत शिपाई होतो, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो होतो. तिचं गाव माण तालुक्यात, आमचं विट्याच्या बाजूला. बघायला गेलो तेव्हा घोंगड्यावर बसवलं. माझ्या मामानं विचारलं, "पोरी, नाव सांग." बाकीच्या पोरी अशा वेळी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतात. हिनं मान वर करून नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात सांगितलं. शाळेत मास्तरनं विचारल्यावर सांगावं तसं.

"शिकलीस किती?"

"चौथी. म्होरं शाळाच न्हाई."

मामा हसला. माझ्या कानात ते नाव बसलं ते बसलंच.

लग्न लागलं. संध्याकाळी आमच्या दारात आईनं परातीत तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि म्हणाली, "लिव." काय लिहायचं ते तिनं कानात सांगितलं. नवीन नाव. कारण असं की माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं नाव आणि हिचं माहेरचं नाव एकच. आईचं म्हणणं, एका घरात एका नावाच्या दोघी असल्या की हाक कुणाला मारली ते कळत नाही. मी सातवी नापास, अक्षर कागदावरच वेडंवाकडं, तांदळात तर विचारूच नका. पण लिहिलं. बायकांनी साखर वाटली. ही परातीकडं बघत उभी होती. तिला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. मी दोनदा वाढून घेतला.

सुट्टी संपली, पलटणीत परत गेलो. फौजेत लग्न लागलं म्हणून लागलं असं नसतं. क्लार्कच्या टेबलापुढं जाऊन सांगावं लागतं, मग ते पार्ट टू ऑर्डर नावाच्या कागदावर छापून येतं. तोवर हळद लागलेला माणूससुद्धा बिनलग्नाचाच. बायको कोण, पोरं किती, कोण जन्मलं, कोण मेलं, सगळं त्या कागदावर. त्यावर नाही ते जगात नाही.

मी सावधान उभा. क्लार्क मान वर न करता म्हणाला, "बीवी का नाम?"

फौजेत प्रश्न आला की उत्तर लगेच लागतं. माझ्या तोंडातून घोंगड्यावर ऐकलेलं नाव गेलं, खणखणीत. त्यानं लिहिलं, पुढं माझं नाव, पुढं आडनाव. संध्याकाळी ताट घासताना माझ्या ध्यानात आलं की तांदळातलं नाव वेगळं होतं. परत जाऊन सांगितलं असतं तर क्लार्कनं आईबहीण काढली असती. नाही गेलो.

पुढच्या सुट्टीत तिला म्हटलं, "तिकडं फौजेत तुजं नाव घातलंय."

"कंचं?"

"तुजं."

"माजं म्हंजी कंचं?"

मला ते घेता येईना. म्हटलं, "तुज्या बापानं ठिवल्यालं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्या आईबद्दल हळूच म्हणाली, "आत्याबाईस्नी सांगू नगा."

नंतर मला दोन वर्षं फॅमिली क्वार्टर मिळालं, उत्तरेत, थंडीच्या मुलखात. तिथं पलटणीच्या दवाखान्यात नर्सिंगवाला दारात उभा राहून यादी वाचायचा. पहिल्या दिवशी त्यानं हिचं नाव पुकारलं. फौजेतलं, म्हणजे माहेरचं. ही बाकड्यावरून ताडकन उठली आणि म्हणाली, "हजर." सगळ्या बायका हसल्या. त्या पंजाबी, गढवाली बायकांनी दोन वर्षं तिला त्याच नावानं हाका मारल्या. मीठ मागायला, मटार सोलायला, भांडायला. तेवढी दोन वर्षं. मग मुलगा झाला, ती गावी आली, आणि परत तांदळातली झाली.

मी नाईकाच्या हुद्द्यावर पेन्शनीत आलो. पुढं शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर बरीच वर्षं उभा राहिलो, महिन्यातून दोनदा घरी. आधार कार्डवाले गावात आले तेव्हा मी गेटवर होतो. रेशन कार्डावर जे होतं ते त्यांनी उतरवून घेतलं. म्हणजे गावात एक नाव आणि फौजेत दुसरं, आणि इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा. आधी ती सांगेना. मग पोट फुगलं. सांगलीच्या डॉक्टरनं फोटो बघून चष्मा काढला आणि म्हणाला, लवकर करा. माजी सैनिकाच्या बायकोला कार्डावर इलाज मिळतो, तेवढा एक फायदा फौज देते, म्हणून मी कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलो. तिथं एक पोरगा बसला होता. एका हातात मोबाईल. त्यानं फौजेचं आणि आधारचं, दोन्ही कार्डं एकमेकांशेजारी ठेवली.

"आजोबा, इथं एक नाव, तिथं दुसरं. ही बाई कोण?"

"बायको."

"यातली कुठली?"

"एकच हाय बाबा. ती बसलीय बघ तिथं."

"मी बाईकडं बघून एंट्री करत नाही, आजोबा. मी कार्डाकडं बघून करतो. आधी नाव दुरुस्त करून आणा." आणि शेजारच्याला म्हणाला, "फौजींच्या दोन-दोन असतात रे." मागं रांगेत कुणीतरी हसलं. ती तीन हातांवर खुर्चीत पोट धरून बसली होती. तिला ऐकू गेलं असणार. मी त्या पोराच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्याच्या दाढीला बिस्किटाचा चुरा लागला होता. माणसाची शिसारी येते म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं, आणि ती अजून उतरली नाही.

माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक, गावाकडची कागदं बदलून फौजेतलं नाव लावायचं. त्यासाठी तिच्या शाळेचा उतारा पाहिजे, त्यावरून आधार बदलायचं. दुसरा, फौजेतलं नाव बदलून गावाकडचं करायचं. त्याला नोटरीपुढं एक प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात आणि एक अर्ज. कुठला लवकर होईल म्हटलं तर ते तुम्ही बघा म्हणाले. एवढं सांगायला त्यांनी मला तीन खिडक्या फिरवलं.

विट्याला कोर्टाबाहेर एक एजंट बसतो. तोही माजी सैनिकच. म्हटलं आपला माणूस आहे. आपल्या माणसाच्या गालात मावा होता. सगळं ऐकून घेतलं, पिचकारी टाकली आणि म्हणाला, "नाईक, तुमच्या जुन्या रेशन कार्डात त्या नावाची बाई हाय की."

"ती माजी वैनी. थोरल्या भावाची बायकू."

"त्येच म्हंतोय मी. भाऊ न्हाईत आता. फौजेच्या कागदावर तुमची बायकू म्हंजी तुमची वैनी दिसती." तो डोळा बारीक करून हसला. "उद्या कुनी अर्ज ठोकला की ह्येनं भावजयीला बायकू दाखवलीया, आन घरात दुसरीच ठिवलीया, मग? दोन बायकांचं लचांड लागलं की पेन्शनीची चौकशी लागती. फौजेला दुसरी बायकू चालत न्हाई, तुमाला ठावं हाय."

माझ्या वहिनीला मी आईच्या जागी मानतो. त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं. पण गरज माझी होती, तोंड त्याचं. मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"सोपं हाय. गावाकडचं ठिवा, फौजेतलं काढा. शाळंबिळंच्या नादाला लागू नगा, ती जुनी रजिस्टरं उंदरांनी खाल्ल्याली असत्यात. दोन म्हैने त्यातच जातील."

मुलाला फोन लावला. तो विट्याच्या बाकीच्या पोरांसारखाच, दक्षिणेत लांब सोनं गाळायच्या दुकानात. तो म्हणाला, "आबा, जे लवकर हुईल ते करा." त्याचंही बरोबर.

घरी येऊन तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, पायावर सूज.

"तिकडचं नगा काडू," ती म्हणाली.

"आगं, इलाज थांबलाय."

"हिकडचं काडा की. हिकडचं आत्याबाईनं ठिवल्यालं."

"त्याला येळ लागतो."

"माज्या शाळंत जावा. मास्तर लिवून देतील."

"मास्तर कवाच मेला आसंल तुजा."

सगळ्या संसारात तिनं मला काय मागितलं असं आठवायला बसलो तर मला हे एवढंच आठवतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "नाव काय चाटायचंय का? जीव म्हत्त्वाचा."

ती शाळा एसटीनं दीड तासावर आहे. मी गेलो नाही. मला कंटाळा आला होता, खरं सांगतो. खिडक्या, रांगा, झेरॉक्स. म्हटलं एजंटचा रस्ता जवळचा.

प्रतिज्ञापत्राला ती स्वतः लागणार होती. रिक्षानं नेली. पत्र्याच्या शेडात टायपिस्टांची टेबलं, बाकडी, खाली गटार. नोटरी चहाला गेलेला. ती बाकड्यावर बसली आणि थोड्या वेळानं गटारात ओकली. टायपिस्टानं काय केलं तर पाय वर घेतले. पाणी दे म्हटलं तर पलीकडच्या टपरीकडं बोट दाखवलं. त्या शेडाची भिंत मी कधी विसरणार नाही. कमरेपासून खांद्यापर्यंत नुसती जांभळी, बोटंच बोटं. शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला की माणसं उरलेली शाई भिंतीला पुसतात. किती वर्षांची ती घाण, एकावर एक. प्रत्येक डाग म्हणजे कुणीतरी काहीतरी सोडून दिलेलं. जमीन, हक्क, बायको.

कागद तयार झाला. टायपिस्टानं वाचून दाखवला, नियम आहे म्हणे. त्यात एक ओळ होती, की माझे पूर्वीचे नाव मी स्वखुशीने सोडून देत असून यापुढे मी फक्त अमुक नावानेच ओळखली जाईन.

"स्वखुशीनं?" ती म्हणाली.

"छापील असतंय ते आजी. सही करा."

तिनं पेन घेतलं. चौथी शिकलेली, सही छान यायची तिला, प्रत्येक अक्षर वेगळं काढायची. तिनं सही केली. टायपिस्टानं कागद उचलला, बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आजी, काय केलंत हे? जे नाव सोडताय त्याच नावानं सही?"

"मग कुनाच्या नावानं सोडू?" ती म्हणाली. "जिचं हाय तिनंच सोडाय नगं का?"

एजंट खिदळला. टायपिस्ट म्हणाला, गेला स्टँप वाया. त्यानं दुसरा घेतला, परत टाइप केलं आणि मला म्हणाला, "आजोबा, सही नको आता, घोळ करतील. अंगठा घ्या."

त्यानं शाईची डबी पुढं सरकवली. तिनं हात पदराखाली घेतला. भांडली नाही, ओरडली नाही, नुसता हात आत घेतला. ऊन चढलं होतं, नोटरी चहाहून येऊन परत निघायच्या बेतात होता, तिच्या कपाळावर घाम होता. मी तिचा हात बाहेर काढला. मनगट इतकं बारीक झालं होतं की माझ्या दोन बोटांत मावलं. अंगठा शाईत दाबला, मग कागदावर दाबला. लिहायवाचायला येणाऱ्या बाईचा अंगठा, आणि तो मी उठवला. फौजेत कैद्यांचे घेताना बघितले होते तसा.

ती उठली. भिंतीकडं बघितलं. भिंतीला अंगठा पुसला नाही. वळली आणि माझ्या सदऱ्याला पुसला, छातीवर, खिशाच्या खाली, जोरात. पांढरा सदरा होता. मग रिक्षात जाऊन बसली.

जाहिरात आली, अर्ज गेला, फौजेतलं नाव बदललं. वेळेत झालं, खोटं कशाला बोलू. बेड मिळाला, ऑपरेशन झालं, औषधं मिळाली. माझ्या मनात होतं की आपण बरोबर केलं. वॉर्डात नर्स यायची आणि नवीन कागदावरचं नाव पुकारायची. ही छताकडं बघत पडलेली असायची. गावात तीच हाक हजारदा ऐकून ओ देणारी बाई, तिथं मात्र ओ देत नव्हती.

"आजींना ऐकू येत नाही का?" नर्स म्हणाली.

"येतं," मी म्हटलं.

त्या वेळी मी वाकून तिच्या कानात दुसरं नाव म्हणायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती, मला लाज वाटली. बायकोचं नाव घ्यायची लाज, आणि अंगठा धरताना नव्हती. असा हा गडी.

तीन महिने आणखी गेले. घरीच गेली, सकाळी, चहा गार व्हायच्या आत. कपाट लावायला घेतलं तर तिच्या पातळांच्या खाली फौजेचं जुनं कार्ड सापडलं, ज्याची मुदत कधीच संपली होती, फोटो निम्मा उडालेला. नावाच्या जागेवर प्लास्टिक घासून घासून पांढरं झालं होतं. मी ते परत जागेवर ठेवलं. कपाट तसंच आहे.

तेराव्याच्या दिवशी माणसं जेवून गेल्यावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. ऐंशीला टेकलेली, डोळ्याला कमी दिसतं.

"भावजी, एक सांगू?"

"सांगा वैनी."

"माज्या नावापायी तिचं नाव ग्येलं. पन मला तरी त्या नावानं कोन हाक मारतंय? लगीन झाल्यापास्नं समदी मला आक्काच म्हंत्यात. तुमचे भाऊ सुदिक कवा म्हनले न्हाईत. नाव फुकाट पडून व्हतं माज्याकडं. तिला द्यायचं व्हतं की."

एवढं बोलून ती पदरानं नाक पुसत राहिली. इतकी वर्षं एका नावाच्या दोघी नकोत म्हणून एकीचं काढून घेतलं, आणि दुसरीचं कुणी वापरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायणीवरून जाणारी एसटी धरली. शाळेला आता नवीन खोल्या आहेत. मुख्याध्यापक बाई तरुण होत्या. मी सांगितलं, फार वर्षांपूर्वी अशी अशी मुलगी इथं शिकली, उतारा पाहिजे. वाटलं होतं हाकलतील. त्यांनी खुर्ची दिली, कपाट उघडलं, कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं.

"नाव काय आजोबा?"

मी म्हटलं, "ते... बापाचं नाव सांगतो, आडनाव सांगतो. त्यावरून बघा."

त्या माझ्याकडं बघून हसल्या, वाईट नाही हसल्या. बोट फिरवत खाली आल्या. "या का?" रजिस्टर माझ्याकडं वळवलं. निळ्या शाईत, मास्तरच्या अक्षरात, तिचं पूर्ण नाव. शेरा होता, चौथी उत्तीर्ण, प्रगती चांगली. उंदीर नाही, वाळवी नाही, काही नाही. बाईंनी उतारा लिहिला, शिक्का मारला, चहा दिला. चहा धरून सगळं अर्ध्या तासात उरकलं.

परतीच्या एसटीत मी उतारा पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. अर्धा तास. तिनं तेवढाच मागितला होता.

उतारा घेऊन ग्रामसेवकाकडं गेलो. म्हटलं, दाखल्यावरचं नाव बदला. त्यानं कागद उलटसुलट बघितला.

"आजोबा, जिवंतपणी तुम्हीच प्रतिज्ञापत्र करून हे नाव सोडलंय. फौजेतही आता दुसरंच आहे. दाखल्यावर हे लावलं तर फौज विचारणार, आमच्या कागदावरची बाई गेली का दुसरी कुणी? परत तुमच्या दोन बायका."

"दोन कुठल्या, आता एक बी न्हाई."

"तेच म्हणतो मी. गेलेल्या माणसाचं नाव बदलून काय मिळणार? फार तर उर्फ लावतो."

"उर्फ पोलिसांच्या कागदावर लावत्यात. चोराला. तिनं काय चोरलंय?"

तो वैतागला. तरणा आहे, त्याचं काय चुकलं. म्हणाला, मग नवीन प्रतिज्ञापत्र आणा, मी वर पाठवतो, वरचे काय करतात ते त्यांचं ते बघतील. होईल असं मी सांगत नाही.

म्हणून परवा मी परत त्या शेडात गेलो. तोच सदरा घालून. शाई उन्हात वाळत घालून, लिंबू लावून, सोडा लावून बघितली, गेली नाही, फिकी तेवढी झाली. एजंट त्याच जागी, तोच गाल फुगलेला.

"या नाईक. सदरा तरी बदलायचा, डाग पडलाय."

"ऱ्हाऊ दे."

टायपिस्टानं स्टँप घातला. म्हातारा बघून सवयीनं शाईची डबी माझ्याकडं सरकवली. मी ती परत त्याच्याकडं सरकवली.

"मयत बाईचं नाव?" त्यानं विचारलं.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ठाऊक नाही, त्या क्लार्कच्या टेबलापुढं राहिलो होतो तसा. आणि नाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात. शेडातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

एजंट म्हणाला, "आवं, पन त्ये तर आपन सोडलं की."

"आपन न्हाई," मी म्हटलं. "मी. तिचा हात धरून. तसंच लिव म्हनाव त्येला, स्वखुशीनं घालू नगो."

टायपिस्ट म्हणाला, असं लिहिता येत नाही, तुमच्यावरच शेकेल. मी म्हटलं, शेकू दे. त्यानं एजंटकडं बघितलं, एजंटनं खांदे उडवले आणि पिचकारी टाकली. मग त्यानं लिहिलं. माझ्या पत्नीच्या इच्छेविरुद्ध मी तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला होता, अशी ओळ त्या कागदावर आता आहे.

मग नियमाप्रमाणं त्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. तिचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, हजेरी घ्यावी तसं, आणि पुढची ओळ सापडेना म्हणून जरासा थांबला. माझी नजर ती बसली होती त्या बाकड्याकडं गेली. बाकड्यावर एक माणूस डबा खात बसला होता.

मी पेन घेतलं आणि सही केली.